जमिनीवर ठेवलेलं सकाळी राहत नाही

शकील, तुझ्या शोकसभेत तुझ्याच तोंडावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात आली.

सभा तीन नंबरच्या वर्गात होती. पडद्यावर तुझा ओळखपत्रावरचा फोटो लावला होता, मोठा करून. सगळे शिक्षक माना खाली घालून दोन मिनिटं उभे होते. मी मान खाली घातली नव्हती, मला तुझ्याकडे बघायचं होतं. आधी एक चौकट आली, तिच्यात एक बाई हातात पत्ते धरून हसत होती. तिनं तुझं नाक झाकलं. मग दुसरी चौकट आली, तिच्यावर लिहिलं होतं की तुमचा संगणक धोक्यात आहे. तिनं डोळे झाकले. बाकी कुणाला काही दिसलं नाही, सगळे दुःखात होते. मी पुढं गेले आणि बटण दाबून प्रोजेक्टर बंद केला.

"मावशी, दोन मिनिटं व्हायचीत अजून," मोठे सर हळूच म्हणाले.

"त्याची झाली," मी म्हणाले, आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

सहा वर्षं तू ती यंत्रं आरशासारखी ठेवलीस. तुला तिथून काढलं आणि शाळेच्या एका वर्षात त्यांचा उकिरडा झाला. आणि त्याच उकिरड्यावर तुझा फोटो लावून त्या लोकांनी तुझे गुण गायले. पर्यवेक्षक सर म्हणाले, "अत्यंत जबाबदार सहकारी." मी पायरीवरून ऐकत होते. जबाबदार हा शब्द शाळेनं तुझ्यासाठी याआधीही एकदा वापरला होता, "नुकसानीस जबाबदार" असा. तो कागदावर आहे.

शाळेच्या वार्षिक अंकात तुझ्यावर दोन पानं आहेत. ऑफिसातली नंदा म्हणाली, मावशी, शिपाईबाईंच्या म्हणून तुमच्याही चार ओळी द्या. चार ओळींत बसत नाही. तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, ते मी लिहिणार नाही. ते बाकीच्यांनी लिहिलंय आणि त्यात दोन चुका आहेत. मी चौथी शिकलेली बाई. या शाळेत झाडलोट आणि किल्ल्या एवढंच माझं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे दुसऱ्या कुणाला माहीत नाही, म्हणून संस्थेनं मला ठेवलंय. तेव्हा मी कुलपापुरतं लिहीन.

तू जुन्नरहून मोटारसायकलवर आलास तेव्हा शाळेला नुकतेच पाच संगणक मिळाले होते. पाच वर्गांत एकेक, वर छताला प्रोजेक्टर. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. त्यानंतर ते कुणी सांभाळायचे हे ठरवायचं राहून गेलं. तुझी नेमणूक खरी प्रयोगशाळेत, बाटल्या धुवायला आणि बेडूक मोजायला. पण तुला संगणकातलं कळतं असं कुणीतरी बोललं आणि ते पाचही तुझ्या गळ्यात पडले.

काय अवस्था होती ते मी पाहिलंय, कारण कचरा मीच काढत होते. पोरं कळफलकाची बटणं उपटायची. सगळी नाही, ज्या पोरीवर मन आहे तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं. एस आणि पी ही दोन अक्षरं आपल्या शाळेत कधी टिकली नाहीत. माऊसच्या पोटातल्या उजेडावर बोरं-चिंचेच्या पाकिटावरची चिकटपट्टी लावायची, म्हणजे तो हलायचा नाही आणि तास बुडायचा. आणि मास्तर लोक पोरांच्या वर. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणायचे आणि त्यातून दुकानातली सगळी रोगराई वर्गात यायची. एका सरांनी पत्त्यांचा खेळ टाकला होता. एका बाईंनी मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो ठेवले होते. धडा उघडायला गेलं की आधी हळद लागायची.

तू आरडाओरडा केला नाहीस. कळंबच्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याच्या पाच पेट्या करून घेतल्यास, हवेला जाळी ठेवलीस, आणि संगणकाचं खोकं त्यात घालून कुलूप लावलंस. पेटी टेबलाखाली, खाली जमिनीशी. चालू करायचं बटण बाहेर, आणि पेनड्राइव्ह लावायची वायर वर टेबलावर. बाकी कशाला हात पोचायला नको. मी म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? एकाच्या कानाखाली दे, बाकीची सुतासारखी व्हतील."

"मावशी, पोरं हात लावणारच," तू म्हणालास. "हात लावून बिघडणार न्हाई असं करायचं. मग मारायची गरजच न्हाई."

"मग त्यांना लाज कधी वाटायची?"

"लाज वाटून काय करायचीय? तास झाला पायजे."

हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मला अजूनही वाटतं, एकदोन कानाखाली बसायला हव्या होत्या. फक्त आता वाटतं, पोरांच्या नाही.

दुसरं भांडण पासवर्डचं. संगणकात आतलं काही बदलायचं तर पासवर्ड लागायचा, आणि तो तुझ्या एकट्याकडे. मी तुला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "शकील, मी लई वर्षं किल्ल्या सांभाळती. एक गोष्ट ध्यानात ठेव. कुलूप कुणीपण तोडू दे, आळ किल्लीवाल्यावर येतो. म्हणून माझ्या प्रत्येक किल्लीची जोडकिल्ली मोठ्या सरांच्या कपाटात हाय. तू पासवर्ड कागदावर लिही, पाकिटात घाल, चिकटव, आणि सरांकडं दे."

तू म्हणालास, "सर पाकीट दुसऱ्या दिवशी फोडतील आन तिसऱ्या दिवशी पासवर्ड फळ्यावर असंल."

तुझं खरं होतं. माझंही खरं होतं. पण भोवलं माझंच खरं, तुला.

आता सारवणाचं सांगते, कारण सगळं तिथून निघालं.

अवसरीच्या कॉलेजात तुझ्या ओळखीचा कुणीतरी होता. त्याच्याकडून तू एक प्रोग्रॅम शिकून आलास आणि पाचही संगणकांत बसवलास. दिवसभर कुणी काहीही करो, खेळ टाको, चित्र बदलो, रोग आणो, सकाळी संगणक चालू केला की तो होता तसा कोरा. मला हे खरं वाटेना. तू मला एक नंबरच्या वर्गात नेलंस, पडद्यावर माझा फोटो लावलास, संगणक बंद करून परत चालू केलास, आणि मी गेले. मी विचारलं, "कुठं गेले मी?"

"पुसलं. रोज सकाळी आपोआप पुसतं."

"म्हंजी सारवल्यागत."

"काय?"

"आमची आई दिवस उगवायच्या आत भुई सारवायची. भुईवर कुणाचं काय ऱ्हायलं तर ते शेणात जायचं. चिंचोके म्हणू नको, पेन्सिल म्हणू नको. ज्याला आपलं ठेवायचंय त्यानं कोनाड्यात ठेवायचं. कोनाडा काय कुणी सारवत न्हाई."

तू खिशातलं पेन काढलंस. मग म्हणालास, "मावशी, परत एकदा बोला."

तोवर तुझी सूचना होती ती ऑफिसच्या भाषेतली. सर्व वापरकर्त्यांनी आपली माहिती अमुक ड्राइव्हमध्येच जतन करावी, अन्यथा असं काहीतरी. ती कुणी वाचत नव्हतं आणि वाचली तर कळत नव्हती. आठवड्याला एकदा तरी कुणीतरी बोंबलायचं की माझं काम गेलं. दुसऱ्या दिवशी तू प्रत्येक पेटीवर नवी पाटी चिकटवलीस, जाड अक्षरात, वर पारदर्शक पट्टी मारून:

जमिनीवर ठेवलेलं सकाळी राहत नाही. ठेवायचं ते कोनाड्यात ठेवा.

आणि पडद्यावर जी जागा पुसली जात नाही तिचं नावच तू "कोनाडा" करून टाकलंस. बाई-मास्तर हसले. पण त्या हसण्यात सगळ्यांच्या लक्षात राहिलं. दहावीच्या वर्गात गणिताच्या बाई पोरांना म्हणायच्या, "अरे, भुईवर नको ठेवू, सारवलं जाईल." पाच वर्षं एकाचंही काम गेलं नाही. मी कधी बोलले नाही तुला, पण चौथी शिकलेल्या बाईचे शब्द शाळेच्या पाच वर्गांत छापून लागलेत, हे झाडताना मला रोज दिसायचं. पेटीवरची धूळ मी रोज ओल्या फडक्यानं पुसायचे. बाकीच्या कपाटांवरची आठवड्यानं.

मग जूनमध्ये संस्थेच्या दुसऱ्या शाखेतून पर्यवेक्षक सर आले. पहिल्या आठवड्यातच त्यांनी तुला बोलावलं. मी तिथं पाणी ठेवत होते.

"मी पर्यवेक्षक आहे. मला पासवर्ड नाही?"

"सर, मलापण रोज लागत न्हाई," तू म्हणालास. "तुम्हाला काय बसवायचं असंल ते सांगा, मी बसवून देतो."

"म्हणजे शाळेच्या संगणकाचे मालक तुम्ही."

"मालक न्हाई सर. राखणदार."

हे उत्तर देऊ नये, शकील. खरं असलं तरी देऊ नये. मी बाहेर आल्यावर तुला हेच म्हणाले. तू म्हणालास, "मावशी, मग काय सांगायचं?" मी म्हणाले, "हो म्हणायचं आन द्यायचं न्हाई. मी चाळीस वर्षं असंच करती."

हिवाळ्यात तपासणी आली. पर्यवेक्षक सर इतिहास शिकवायचे, खडू-फळ्यावर. त्या संगणकाला त्यांनी तोवर हात लावला नव्हता. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी ते तीन नंबरमध्ये बसले. वर्षभराचे सगळे कार्यक्रम, सहल, वृक्षारोपण, सगळ्यांच्या फोनमधले फोटो त्यांनी वायर लावून संगणकात ओढले. फोन भरले होते म्हणून फोनमधले पुसूनही टाकले. संध्याकाळपर्यंत बसून पडद्यावर दाखवायचं सगळं तयार केलं, समोरच ठेवलं, संगणक बंद केला आणि घरी गेले. तू त्या दिवशी प्रयोगशाळा आवरत होतास. तुला कुणी विचारलं नाही, बोलावलं नाही.

मी वर्गाला कुलूप लावायला गेले तेव्हा सर चपला घालत होते. तीन नंबर म्हणजे जुन्या इमारतीतला वर्ग. तिथं भिंतीत खरोखरचा कोनाडा आहे, खडू-डस्टर ठेवायचा. त्या कोनाड्यात सरांची कातडी बॅग कोंबून ठेवली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. सरांनी ती ओढून काढली आणि मला म्हणाले, "तुमची पाटी वाचली बरं का मावशी. शिस्त चांगली आहे."

मला बरं वाटलं. मी म्हणाले, "वाचत्यात न्हाई सर बाकीचे." आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब खुर्च्यांवर बसले, सरांनी संगणक चालू केला, आणि पडद्यावर काही नाही. स्वच्छ. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. सरांनी इकडे दाबलं, तिकडे दाबलं, मानेवरचा घाम मला मागून दिसत होता. साहेबांसमोर ते ओरडले, "शकील कुठाय?" तू आलास, बघितलंस, आणि तुला एका क्षणात कळलं. "सर, कुठं ठेवलं व्हतं?" एवढंच विचारलंस.

"कुठं म्हणजे? समोर! इथं! पासवर्ड फक्त याच्याकडे आहे. यानं पुसलं. मी पासवर्ड मागितला होता म्हणून यानं मुद्दाम केलं."

सहा वर्षांत तुझ्यावर कुणी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. चहा निवला.

दुपारी प्रयोगशाळेत मी तुला बॅगचं सांगितलं. तू हसायला लागलास. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास. "खऱ्या कोनाड्यात? बॅग?" मीही हसले. सरांना वाटलं की मावशीनं झाडण्यासाठी पाटी लावलीय, जमिनीवर सामान ठेवाल तर सकाळी झाडून नेईन. त्यांचं तरी काय चुकलं? पाटी जमिनीशी, टेबलाखाली. तिच्यावर संगणक हा शब्द कुठंच नाही. चूक तुझी अजिबात नव्हती असं मी म्हणणार नाही. पाटी पडद्यावर लावायला हवी होतीस, पेटीवर नाही. जुन्या लोकांना कळायचं कारण तू तोंडानं समजावलं होतंस. नव्या माणसाला कोण समजावणार, हे तुझ्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मी म्हणाले, "चल मोठ्या सरांकडं. मी सांगती बॅगचं. आत्ता मिटंल."

तुझं हसू गेलं. तू म्हणालास, "न्हाई मावशी. तुम्ही यात पडू नका. तुम्हाला माझी शपथ हाय. बॅगचं कुणाला बोलायचं न्हाई."

"का?"

"साहेबांपुढं त्यांचं हसं झालंच हाय. आता शाळंपुढं कशाला."

मला पटलं नाही, पण मी ऐकलं. माझ्या आयुष्यात मी फार थोड्या लोकांचं ऐकलं, आणि ज्यांचं ऐकलं त्यात दर वेळी फसले.

चौकशी झाली. तिघे जण बसले, मोठे सर, संस्थेचे एक सभासद, एक ज्येष्ठ शिक्षक. तुला आत बोलावलं, दार लावलं. मला कुणी बोलावलं नाही. शिपाईबाईला काय विचारायचं? नंतर कागद लागला. स्पष्ट सूचना न लावल्यामुळे झालेल्या नुकसानीस जबाबदार, चूक मान्य केली आहे. तुझी बदली भीमाशंकरच्या रस्त्यावर, डोंगरातल्या शाखेत झाली. तिथं एकच संगणक, तोही ऑफिसात. मी तुला फाटकाशी गाठलं. "मान्य का केलीस?"

"लवकर मिटलं," तू म्हणालास, आणि गाडीला लाथ मारलीस. तुझ्यावर मी त्या दिवसापासून रागावले. तू नंतर दोनदा शाळेत आलास, मी चहा दिला पण बसले नाही. हे तुला कळलं होतं का मला माहीत नाही. कळलं असेल तर बरं झालं असं तेव्हा वाटायचं.

तू गेल्यावर पासवर्ड फळ्यावर आला. अगदी तिसऱ्या दिवशी, तू म्हणाला होतास तसा. सोयीसाठी म्हणे. तुझा सारवणाचा प्रोग्रॅम काढून टाकला, पाट्या खरवडल्या. पेट्यांची कुलपं निघाली ती कुणीतरी सायकलींना लावली. पुढचं मी वर लिहिलंच आहे.

आणि मग फोन आला की तू गेलास. छातीत दुखलं, जुन्नरच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. बदलीनं माणूस मरत नाही हे मला ठाऊक आहे. तुझ्या वडिलांचंही असंच झालं होतं, तूच सांगितलं होतंस. तेव्हा मी कुणाच्या माथी तुझं मरण मारणार नाही. जे मारायचं आहे ते वेगळं आहे.

मी जुन्नरला तुमच्या घरी आले. बायकांमध्ये बसले. तुझ्या बायकोनं माझा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत नाही, थोडं बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, खरं सांगा. ह्यांनी शाळंत काय बिघडवलं व्हतं का? मला कधी बोलले न्हाईत. लोक म्हणत्यात कायतरी केलं म्हणून काढलं."

तुझी शपथ होती. मी म्हणाले, "न्हाई गं, तसलं काय न्हाई." असं उत्तर कुणाला पटतं? तिनं हात सोडला. एसटीत बसले आणि कळंब येईपर्यंत मला तुझाच राग येत होता. मेल्यावर माणूस बायकोला असल्या प्रश्नात ठेवून जातो का? पोरांपुढं ती काय सांगणार?

गेल्या आठवड्यात तुझ्या घरच्यांना काही दाखले हवे होते म्हणून नंदानं तुझी फाईल काढली. मी तिच्या टेबलापाशी किल्ली द्यायला उभी होते. फाईलीत चौकशीचा कागद होता. मी म्हणाले, "वाच." ती म्हणाली, वाचू नये मावशी. मी म्हणाले, "मोठ्यानं नको, पण वाच."

त्यात असं आहे. प्रश्न: पेटीवरची सूचना अशा अशिक्षित, ढोबळ भाषेत का लावली? ही भाषा कोणाची? उत्तर: भाषा माझी आहे. प्रश्न: शाळेला शोभेल अशी का लिहिली नाही? उत्तर: मला यापेक्षा चांगली सुचली नाही.

नंदा पुढं वाचत होती. मी तिला तिथंच थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं.

म्हणजे शपथ बॅगसाठी नव्हती. सरांचं हसं होईल म्हणून नव्हती. बॅगचं सांगायला मी आत गेले असते तर पाटीचं मलाच विचारलं असतं, आणि ही भाषा कोणाची हे निघालं असतं. निवृत्त झालेली, मेहरबानीवर ठेवलेली बाई. तिला म्हणाले असते, उद्यापासून येऊ नका. तू हे सगळं माझ्या वतीनं ठरवलंस, मला न विचारता. कुणी सांगितलं होतं तुला? मला या वयात घरी बसवलं असतं तर मी मेले असते का? माझे शब्द होते, शकील. वाईट तर वाईट, अशिक्षित तर अशिक्षित, ते माझे होते, आणि तू ते आपल्या नावावर लावून घेतलेस. माझं म्हणून जगात फार काही नाही. त्यात हे एक होतं.

"मला यापेक्षा चांगली सुचली नाही." हे तू त्यांना चिडवायला म्हणालास की खरं म्हणालास, ते मला आता कधी कळणार नाही. घरी येऊन मी चूल पेटवली नाही त्या दिवशी. एवढंच सांगते.

तुझी शपथ मी मोडली. मेलेल्या माणसाची शपथ मोडली तर तो काय करणार? दुसऱ्या दिवशी साडेदहाला मोठ्या सरांच्या खोलीत गेले. म्हणाले, "माझा जबाब लिहून घ्या. शकीलच्या फाईलीत लावायचाय."

"मावशी, ते प्रकरण मिटलं. माणूसच राहिला नाही."

"माणूस न्हाई म्हणून तर. तो असता तर त्यानं लावू दिला नसता."

सर म्हणाले, आता त्यातून काय निघणार. मी म्हणाले, "निघायचं काय न्हाई. पर्यवेक्षक सरांना बोलवा. एकच गोष्ट विचारती."

सरांना वाटलं मी रडायला आलेय, म्हणून त्यांनी बोलावलं. नंदाला कागद-पेन घेऊन मीच बसवलं. पर्यवेक्षक सर आले, खुर्चीवर बसले. मी उभी राहिले. त्या खोलीत मी कधी बसलेले नाही.

"सर, तपासणीच्या आदल्या दिवशी तुमची बॅग कुठं व्हती?"

"बॅग? कसली बॅग?"

"कातडी. जमिनीवर ठेवली व्हती का?"

त्यांनी आठवलं. "नाही. कोनाड्यात ठेवली होती. तुमची पाटी होती ना, खाली ठेवू नका म्हणून."

"पाटी कशावर चिकटवली व्हती?"

"टेबलाखाली त्या पत्र्याच्या..." आणि ते थांबले.

मोठ्या सरांनी त्यांच्याकडे बघितलं. पर्यवेक्षक सरांचा चेहरा मी नीट बघत होते, कारण मला राग काढायचा होता. पण त्यांना खरंच माहीत नव्हतं. दीड वर्ष त्या माणसाला माहीत नव्हतं. चौकशीत पाटीचं निघालं तेव्हा ते खोलीत नव्हते, आणि नंतर त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण तू सगळं मान्य करून मोकळा झाला होतास. लागलेल्या कागदातलं 'चूक मान्य केली' एवढंच त्यांनी धरलं. त्यांच्या मते तू आजपर्यंत सूडानं पुसणारा माणूस होतास. शोकसभेत त्यांनी तुला माफ करून भाषण केलं होतं.

"म्हणजे ती पाटी संगणकाची होती?" ते म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. आवाज खाली आला होता. "मला वाटलं, मावशींची आहे."

"माझीच हाय," मी म्हणाले. "नंदा, हेच लिही."

नंदानं लिहिलं. मी वाचून बघितलं, एक काना राहिला होता तो दिला, आणि खाली सही केली. पर्यवेक्षक सरांनी त्यांचा वेगळा कागद मागून घेतला आणि बराच वेळ लिहीत बसले. काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण बॅग हा शब्द त्यात होता, नंदानं सांगितलं. मोठ्या सरांनी दोन्ही कागदांवर शिक्का मारला आणि फाईलीत लावले. त्यांच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत. रविवारी जुन्नरला जाऊन तुझ्या बायकोच्या हातात देणार आहे. ती वाचेल आणि रडेल, मला तिथं बसावं लागेल.

आता फाईलीप्रमाणे तू चूक करणारा नाहीस. खोटं बोलणारा आहेस. भाषा माझी म्हणालास, ती तुझी नव्हती. यातलं बरं कोणतं ते तुझं तू ठरव, मी खोडणार नाही.